दोन उभ्या, मध्ये एक तिरपी

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी केरबाचं बोट ब्रेकच्या ड्रमवरच्या खाचेत अडकलं.

जीप जॅकवर उभी होती. मागचं डावं चाक काढून त्यानं बाजूला आडवं टाकलं होतं. उघड्या पडलेल्या ड्रमच्या कडेवरची माती पुसताना फडक्याचा धागा कशाला तरी गुंतला, म्हणून त्यानं बोट घातलं. एक खाच उभी. जवळच दुसरी उभी. दोन्हींच्या मध्ये एक तिरपी. वरून रुपेरी रंगाचा जाड हात दिलेला होता, पण रंगानं खाच बुजत नाही.

त्यानं बोट तसंच पुढं सरकवलं. वीतभर अंतरावर रंगाखाली एक उंचवटा लागला, कानशीनं घासून सपाट करत आणलेला. ड्रमला तडा गेला होता आणि तो वेल्डिंगनं जोडला होता.

"किती वेळ रे अजून?" मागून आवाज आला.

"ट्यूब काढतो, शेठ. वीस मिनटं."

देवगाव रंगारीच्या फाट्यावर बाभळीखाली केरबाचं पंक्चरचं दुकान होतं. चार पत्रे, एक हवेची टाकी, आत एक बाज. जीपचा मालक उतरून बोलला तेव्हाच केरबानं त्याला ओळखलं होतं. गारखेड्यात जुन्या गाड्यांचा अड्डा असलेला सांडूशेठ. सांडूशेठनं मात्र केरबाला ओळखलं नव्हतं. मागच्या भेटीनंतरच्या तीन वर्षांत केरबानं दाढी राखली होती, आणि खाली बसलेल्या माणसाचं तोंड बघायची सांडूशेठला सवय नव्हती.

ती खूण केरबाच्या बापाची. मेंढरांच्या कानावर बाप ती कातरायचा. दोन उभ्या, मध्ये एक तिरपी. दहा कळप एकत्र मिसळले तरी अंधारात नुसता कान चाचपून तो आपलं मेंढरू ओढून काढायचा. बाप गेल्यावर केरबानं आणि धाकट्या बिरूनं कळप विकला आणि सांडूशेठच्या अड्ड्यावरून एक जुनी जीप घेतली. हर्सूलहून फुलंब्रीपर्यंत प्रवासी भरायचे, असा बेत होता. जीप पहिल्या महिन्यातच ब्रेक दाबला की डावीकडं ओढू लागली. सांडूशेठच्याच गॅरेजात दोनदा 'नवा ड्रम' पडला आणि दोन्ही वेळा पंधरा दिवसांत तेच दुखणं. तिसऱ्यांदा गाडी देण्याआधी केरबानं लोखंड कापायची हॅक्सॉ घेऊन जुन्या ड्रमच्या कडेवर बापाची खूण कापली.

गाडी परत आली. ड्रम चकचकीत होता. केरबानं चाक काढलं, बोट फिरवलं, आणि तसाच गारखेड्याला गेला.

"शेठ, ह्यो माझाच जुना ड्रम हाय. रंग मारून दिलाय. बापाची मेंढरांची खूण केली व्हती मी. हात लावून बघा."

सांडूशेठ खुर्चीतून उठला नव्हता. "क्या रे केरबा, गाडी है के बकरी? मेंढराच्या कानावरून ड्रम वळखतो का तू?"

गॅरेजातली माणसं पोट धरून हसली. केरबा हटला नाही, ओरडला, रस्त्यावरची चार माणसं गोळा झाली. तेव्हा मिस्त्रीनं तो ड्रम काढून भंगाराच्या ढिगावर फेकला आणि दुसरा बसवला. "अस्सल कंपनीचा. आता तरी गप बसशील?" तो म्हणाला. या दुसऱ्या ड्रमवर केरबानं खूण केली नाही. एवढा तमाशा झाल्यावर पुन्हा फसवायची हिंमत कोण करेल, असं त्याला वाटलं.

नवव्या दिवशी बाहेरचं भाडं नेताना दौलताबादच्या उतारावर तो ड्रम फुटला. जीप बिरू चालवत होता, आत अकरा माणसं होती. डावीकडं दरी होती, म्हणून बिरूनं जीप उजवीकडच्या दरडीवर घातली. अकराच्या अकरा वाचली. बिरूचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पंचनाम्यात 'चालकाचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. सांडूशेठनं जबाब दिला होता की गाडी उत्तम होती, मेंढरं हाकणाऱ्याच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार.

आणि भंगारात गेलेला तो पहिला, खुणेचा ड्रम आता इथं, सांडूशेठच्या घरच्या जीपला लागलेला होता.

केरबानं ट्यूब पाण्याच्या टबात बुडवली. बुडबुडे कुठून येतात ते बघत राहिला.

सांडूशेठ पांढऱ्याशुभ्र सफारीत उभा होता. कपाळावर लग्नाघरचं गंध होतं. "स्टेपनीत पण हवा नाही बघ. आपलाच मिस्त्री, घरचंच काम, तरी लक्ष नाही. मागच्याच महिन्यात चारी ब्रेक नवे टाकून घेतलेत. तरी गाडी डावीकडं ओढती."

"ओढती व्हय?"

"थोडी."

सांडूशेठची बायको चतुराबाई बाभळीच्या सावलीत उभी होती. लग्नाच्या डब्यातून तिनं बुंदीचे दोन लाडू कागदावर काढले आणि हवेच्या टाकीवर ठेवले.

"दादा, हात भरलेत तुमचे. धुतल्यावर खा. आत निजलेत त्यांनाबी द्या." पत्र्याआड बाजेवर कुणी पडलंय, हे तिनं पाहिलं होतं. "आन् तेवढं ब्रेकचं बघा हो. चाळीसगावला जायचंय, घाट उतरून. मला त्या घाटाचं लई भ्या वाटतं."

"तू गप," सांडूशेठ म्हणाला. "दर वेळेस तुझं तेच. मागं बसून ब्रेक मारत असती ही."

केरबानं ठिगळ चिकटवलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं. सपाट रस्त्यावर हा ड्रम वर्षभर चालला असता. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहावं लागतं. ड्रम तापतो, आणि तापला की जोड आधी सुटतो. हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

ठिगळ कधीच बसलं होतं. तो अजून दाबतच होता. मग उठला.

"शेठ, हिकडं या जरा."

"काय झालं?"

"ड्रमवर खूण हाय. हात लावून बघा."

सांडूशेठ दोन पावलं पुढं आला, वाकला, काळं वंगण बघून सरळ झाला. बाह्या मागं घेतल्या आणि पुन्हा खाली ओढल्या. "मी हात लावू? मग तू कशाला बसलाय इथं?"

"बघा तर खरं."

"वेळ नाही रे माझ्याकडं. ड्रम नवा आहे का नाही, तेवढं सांग."

केरबानं ड्रमकडं पाहिलं. उन्हात तो भांड्यासारखा चमकत होता.

"रंग तर नवाच हाय."

"मग झालं तर."

केरबानं चाक चढवलं. पाचही नट आळीपाळीनं, समोरासमोरचे, अंगाचा भार देऊन आवळले. त्या कामात त्यानं काही खोट ठेवली नाही. जॅक उतरवला. सांडूशेठनं नोट दिली, सुटे नकोत म्हणाला, आणि गाडीत बसता बसता थांबला.

"तुला कुठंतरी बघितलंय मी."

"बघितलं आसंल. रस्त्यावरच असतो मी."

"कन्नडला चहा घेऊ," चतुराबाई आतून म्हणाली.

"चाळीसगावलाच घेऊ. उशीर झालाय."

चार पस्तीसला जीप कन्नडच्या दिशेनं गेली. वळणावर ब्रेकचा लाल दिवा एकदा लागला आणि विझला.

बिरू कुबडीवर बाहेर आला. दाराच्या पत्र्याला टेकून उभा राहिला.

"आवाज वळखीचा वाटला."

"सांडूशेठ व्हता."

केरबानं हात रॉकेलनं धुतले, आणि धुता धुता हसला. तीन वर्षांत तो असा हसला नव्हता.

"आपला ड्रम हाय त्याच्या गाडीला. बापाची खूण असलेला. मिस्त्रीनं भंगारातनं उचलून, जोड देऊन मालकालाच चिकटवला. शेठनं दुसऱ्याला फसवायला शिकवलं, गड्यानं घरातच हात मारला."

बिरू हसला नाही. "कुठं चालल्यात?"

"घाट उतरून."

"बाई व्हती संगं."

"व्हती."

"सांगितलं का तू?"

"हात लावून बघा म्हणलो. त्या वक्ताला म्हणलो व्हतो तसंच. त्यानं आजबी नाय लावला."

"ते नाय इचारलं मी. सांगितलं का?"

केरबानं फडकं पिळलं. पुन्हा पिळलं. "तू पाय इसरला का रं? माणसं तुला लंगडा बिरू म्हणत्यात. मेंढरं हाकणारा म्हणला तो तुला, कागदावर लिवून दिलं त्यानं. अकरा माणसं वाचवली, त्याचं कुणी लिवलं?"

"पाय माझा व्हता ना?"

"मंग?"

"मंग वैरबी माझंच. तू मला न इचारता कशाला फेडतो?"

बिरू त्याच्यासमोरून रस्त्याकडं निघाला. कुबडी डांबरात रुतत होती, मे महिन्याचं ऊन होतं.

"बिऱ्या, बस खाली. त्यांची गाडी गाठणार हायेस का तू? एका पायावर?"

"कन्नडला चौकी हाय. घाटाच्या तोंडावर नाका हाय. कुणीतरी फोन करंल." फाट्यावरचा फोन दोन दिवस बंद होता, ते दोघांनाही माहीत होतं.

पहिली एस.टी. उलट दिशेची होती. मग कांद्याचा ट्रक आला. बिरूनं रस्त्याच्या मध्ये जाऊन कुबडी आडवी धरली. ड्रायव्हरनं शिव्या देत ट्रक थांबवला, बिरू दाराशी जाऊन काहीतरी बोलला, आणि शिव्या थांबल्या. आधी कुबडी वर गेली, मग बिरू. तेव्हा चार अठ्ठेचाळीस झाले होते. जीपला तेरा मिनिटांची आघाडी होती आणि ट्रक भरलेला होता.

बिरूनं मागं वळून पाहिलं नाही. केरबा ट्रक दिसेनासा होईपर्यंत उभा होता. मग त्यानं टबातलं पाणी बदललं, जॅक जागेवर ठेवला, पाने आकारानं लावले. टाकीवरच्या लाडवांना मुंग्या लागल्या होत्या.

साडेपाचला एक मोटरसायकलवाला पंक्चर काढून गेला. तो लासूरहून, उलट दिशेनं आला होता. सहा वाजेपर्यंत कन्नडकडून दोन जीपा आणि एक टेम्पो गेला. तिन्ही गाड्या न थांबता गेल्या. प्रत्येक वेळी केरबा रस्त्यापर्यंत गेला, हात वर करायच्या बेतात आला, आणि परत फिरला.

सहा चाळीसला कन्नडकडून आलेली एक व्हॅन हवा भरायला थांबली. केरबानं चारी चाकं तपासली. शेवटच्या चाकापाशी उकिडवा असतानाच, वर न बघता त्यानं विचारलं, "घाट चालू हाय का?"

"मी पिशोरहून आलो," ड्रायव्हर म्हणाला. "घाटाचं मला काय म्हाईत?"

सात वाजेपर्यंत बिरू परतला नव्हता. केरबानं दुकान उघडंच ठेवलं होतं.