टिटवीची तहान

मित्रांनो, लोणावळ्याच्या बागेत सिमेंटच्या ओट्यावर एक होडी बसवली आहे. अंगाला निळा ऑइलपेंट, पोटात शेवंतीच्या कुंड्या, शेजारी संगमरवरी पाटी. सहलीला आलेली माणसं तिच्यापुढे उभी राहून फोटो काढतात आणि चिक्की खात पुढे जातात. ती जुनी होडी म्हणजे मी. माझं नाव टिटवी. पाटीवर ते लिहायचं राहून गेलं, पण त्याचा मला राग नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे, आणि तो आज मी बोलून दाखवणार आहे.

माझा जन्म कोकणातला, आचऱ्याच्या खाडीकाठचा. सुतारांनी सागाच्या फळ्या जोडल्या, सांध्यांत कापूस ठासला, वरून राळ आणि तेल चोपडलं. मला विकत घेतलं ते श्रीधर आडारकर यांनी. लहानपणापासून गलबतावर वाढलेला हा माणूस पुढे मुंबईच्या वर्तमानपत्रात बातमीदार झाला. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी मोकळ्या हवेत राहायला सांगितलं, म्हणून तो लोणावळ्यात आला आणि चार पानांचं साप्ताहिक काढू लागला. समुद्र काही सुटेना, म्हणून १९५६ साली त्याने मला मुंबईमार्गे ट्रकवर पालथी घालून घाट चढवून आणलं. साऱ्या मावळात त्याला भाऊच म्हणत, मग मीही भाऊच म्हणते.

मला धरणाच्या पाण्याकाठी उतरवलं तेव्हा बघायला ही गर्दी! एका म्हातारीने तर विचारलं, पीठ मळायची एवढी मोठी काठवट कुणाच्या लग्नातली? आणि भाऊंनी माझ्यात दगड भरून मला चक्क बुडवलं, तेव्हा सगळे हसले. पेपरवाल्याचं डोकं फिरलं म्हणाले. भाऊ शांतपणे बिडी ओढत काठावर बसले. उन्हात राहिलेलं लाकूड तहानलेलं असतं, ते म्हणाले, आधी त्याला पोटभर पाजायचं, मग ते आपल्याला तारतं. तीन दिवसांनी मला वर काढलं. फळ्या फुगून सांधे घट्ट बसले होते. पुढे दर उन्हाळ्यानंतर हा उपचार व्हायचा, आणि मला तो फार आवडायचा.

पाण्याच्या पलीकडे ठाकरांची वाडी होती. धरण झालं तशी त्यांची गावाकडे यायची वाट पाण्याखाली गेली होती. लोणावळ्याला यायचं तर डोंगराला वळसा घालून अर्धा दिवस चालायचं. भाऊंनी मला त्यांच्या येण्याजाण्याला मोकळं सोडलं. वाडीतल्या नवसूची लेक चिंगी वल्हं मारायला शिकली आणि वर्षभरात भाऊंच्याही पुढे गेली. करवंदांच्या पाट्या, कोंबड्या, अडलेली बाळंतीण, तापाने फणफणलेली पोरं, सगळं मी ने-आण केलं. कामाचा कंटाळा मला कधी आला नाही.

भाऊंची एक रीत होती. ज्याची बातमी असेल त्याला ती छापायच्या आधी वाचून दाखवायची. गुडघ्यावर वही ठेवून माझ्यात बसून लिहायचे, आणि मी पलीकडे लागले की काठावर वाचायचे. एकदा बिबट्याने म्हैस मारल्याची बातमी वाचली, तर नवसू म्हणाला, "भाऊ, म्हस न्हाई, रेडा व्हता." भाऊंनी तिथल्या तिथे खोडून रेडा केलं. साध्या रेड्याबद्दल खोटं छापू नये म्हणणारा माणूस तो.

छपाई व्हायची दत्तोबा शेलारांच्या छापखान्यात. दत्तोबा जवळच्याच औंढे गावचे, भाऊंचे जिवलग मित्र. एका ताटात जेवायचे म्हटलं तरी चालेल. पोहता येत नसल्याने माझ्यात बसले की माझा काठ दोन्ही हातांनी धरून ठेवायचे. मला त्यांचे हात ओळखीचे होते.

१९६८ ची नारळी पौर्णिमा. दरवर्षी भाऊ सोनेरी कागद लावलेला नारळ धरणाच्या पाण्यात सोडायचे. समुद्र नाही तर नाही, पाणी तर आहे ना, म्हणायचे. त्या वर्षी त्यांना धाप फार लागत होती. नारळ सोडून झाल्यावर त्यांनी चिंगीला, नवसूला आणि दत्तोबांना जवळ बोलावलं आणि माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हात ठेवून म्हणाले, "माझ्यामागे टिटवी वाडीची. चिंगीने चालवायची. दत्तोबा, तू साक्षीला. पुढच्या अंकात छापून टाकू."

दत्तोबा म्हणाले, "छापायचं काय त्यात? मी आहे ना."

भाऊंनी मान डोलावली. आयुष्यात एकच गोष्ट त्यांनी छापायची राहू दिली, आणि ती मित्राच्या भरवशावर.

माघ महिन्यात भाऊ गेले. शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. तिथलं सगळं मला चिंगीने वल्हवता वल्हवता रडत सांगितलं, म्हणून मला ठाऊक. भाषणांवर भाषणं झाली. भाऊंचा अंक ज्यांनी कधी विकत घेतला नाही, तेही बोलले. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! मग स्मारक समिती निघाली, अध्यक्ष दत्तोबा. बागेत भाऊंचं स्मारक करायचं आणि त्यावर त्यांची लाडकी होडी बसवायची असं ठरलं. टाळ्या पडल्या. तेव्हा मागच्या दारापाशी उभी असलेली चिंगी बोलली.

"आबा, होडी भाऊंनी वाडीला दिली व्हती. तुमी साक्षीला व्हता."

सगळ्यांनी दत्तोबांकडे पाहिलं. पहिल्या रांगेत पुण्याचे पाहुणे बसले होते. दत्तोबांनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "भाऊ थट्टेत पुष्कळ बोलायचे, बाई. ते सगळं मनावर घ्यायचं नसतं."

मित्रांनो, थट्टेत! नाही म्हणाले असते तर एक वेळ मी सोसलं असतं. पण त्यांनी भाऊंचा शब्दच हसण्यावारी नेला. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथे तर घर होतं तसंच होतं, वासाच आधी फिरला.

आठ दिवसांनी बैलगाडी आली. वाडीची माणसं काठावर नुसती उभी राहिली. बागेत मला ओट्यावर चढवलं, घासून रंगवलं, आणि मग मारुती माळ्याने तो पराक्रम केला. कुंड्यांचं पाणी साचून माझं लाकूड कुजू नये म्हणून त्याने गिरमिट घेऊन माझ्या तळाला पाच भोकं पाडली. होडीच्या तळाला भोकं! आणि समितीने त्याची पाठ थोपटली. बिचारा माझ्या काळजीनेच वागला, त्याला मी बोल लावत नाही. त्याने कधी होडी पाहिली नव्हती. दत्तोबांनी मात्र पाहिली होती. तीन तीन दिवस मला पाण्यात ठेवताना तेरा वर्षं पाहिलं होतं.

पहिल्याच उन्हाळ्यात माझे सांधे सुटले. कापूस गळाला, फळ्या आकसल्या.

आणि त्याच उन्हाळ्यात चिंगी येऊ लागली. बाजारासाठी डोंगराला वळसा घालून पायी यायची, बागेच्या नळावर हंडा भरायची आणि माझ्या अंगावर ओतायची. लोकांना वाटायचं, बाईचा काही नवस असेल. पाणी भोकांतून निघून जायचं, पण फळ्या घोटभर पीत. एका पावसाळ्यात ती बरेच दिवस आली नाही. आली तेव्हा कळलं, नवसूला रक्ताच्या उलट्या झाल्या. झोळीत घालून डोंगरावरून आणताना तो रस्त्यातच गेला. पाण्यावरून अर्ध्या तासाचं अंतर होतं. ते बोलून तिने हंडा ओतला आणि ती गेली.

दर पुण्यतिथीला मला हार घालतात. सातव्या वर्षी सगळे गेल्यावर दत्तोबा एकटे मागे राहिले. पाठीत वाकले होते. त्यांनी माझा काठ दोन्ही हातांनी धरला, पूर्वी धरायचे तसा. तेवढ्यात चिंगी हंडा घेऊन आली. दत्तोबा तिच्याकडे न बघताच म्हणाले, "दिली होती गं त्याने तुम्हाला. मी ऐकलं होतं."

चिंगी उभी राहिली. "मंग त्या दिशी का न्हाई बोललात?"

"लोकांत स्मारकाचं बोलून बसलो होतो. मागे कसं फिरायचं?" ते म्हणाले. "आता घेऊन जा. हवं तर छापतो."

चिंगीने माझ्या फळ्यांच्या फटीत हात घातला. तो मनगटापर्यंत आरपार गेला.

"माजा बा गेला, आबा. आता छापून काय करू?" असं म्हणून तिने भरलेला हंडा त्यांच्या हातात दिला. "सात वर्सं मी पाजलं हिला. आता तुमी पाजा."

दत्तोबांनी तो ओतला. पाणी पाच भोकांतून निघून त्यांच्या वहाणांवर पडलं. त्यांनी सगळ्यांदेखत नाही, पण माझ्यादेखत हात जोडले, आणि उद्या येतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी वाट पाहिली. त्याच्या पुढच्या दिवशीही पाहिली. ते आले नाहीत. चिंगीही आली नाही, कारण तिने तिचं काम सोपवलं होतं.

मित्रांनो, तुम्ही बागेत याल तेव्हा कुणाला दिलेला शब्द आठवत असेल, तर घरी जाऊन आधी तो पाळा. आणि मला हार घालू नका. नळ डाव्या हाताला, कण्हेरीच्या मागे आहे.