पुढून ओढणारी गाडी

शंभर वर्षांपूर्वी शर्यतीसाठी बांधलेली ती गाडी पहिल्यापासूनच उफराटी. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना द्यायचा सोडून पुढच्या चाकांना! मूळ गाडी कधीच भंगारात गेली. उरला एकच फोटो: उघडं इंजिन, त्याच्यापुढे उघडा गिअरबॉक्स आणि शेजारी ऐटीत उभे तीन मेकॅनिक. त्यावरून बाप-लेकीनं पाच वर्षं खपून गाडी पुन्हा बांधली. बाप जुना मिस्त्री, लेक टर्नर. एकेक दातेरी चाक तिनं फोटोत बघून लेथवर घडवलं, फोटोत दिसलं तिथंच बसवलं.

तिचा जीव टांगणीला होता तो पुढच्या सांध्यांपायी. त्याच चाकांनी वळायचं, त्यांनीच गाडी ओढायची. सांधा तुटला तर तुकडे गोळीसारखे समोर उडणार. या धास्तीनं तिनं सकाळपासून तीनदा, इंजिन सुरू होण्याआधीच, हात हलवून चाचणी थांबवली. तिसऱ्यांदा तर एक नट बघायला, आणि तो घट्टच होता.

"आता पुरे," बाबा सीटवर बसत म्हणाले. "हात हलवलेस तरी थांबायचा नाही मी. तुझ्या नादाला लागलो तर गाडीच्या आधी मी गंजेन."

"बरं, पण समोर कुणी उभं राहू नका," तिनं बजावलं. चाचणी बघायला आलेल्या आईला हाताला धरून तिनंच गाडीच्या मागे, भिंतीशी नेऊन उभं केलं.

इंजिन आज पहिल्यांदाच सुरू झालं. शेड दणाणली. सवयीनं तिची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली आणि मेकॅनिकांच्या कोटांवर थबकली. पाच वर्षं तिनं फोटोत दाते मोजले होते, माणसं कधी पाहिलीच नव्हती. बटणं डाव्या अंगाला होती, बायकांच्या कपड्यांना असतात तशी. एखाद्याच्या कोटाचं तसं असेल, तिघांच्याही?

फोटोच उलटा छापला होता. मोठं दातेरी चाक तिनं चुकीच्या बाजूला बसवलं होतं. पहिला गिअर पडला की चाकं उलटी फिरणार, गाडी मागे जाणार.

ती ओरडली, दोन्ही हात हलवले. बाबा हसले आणि मान हलवून त्यांनी गिअर टाकला. लांडगा आला रे आला करून तिनं स्वतःच त्यांना बहिरं केलं होतं. मग तिनं बाबांचा नाद सोडला आणि मागे धाव घेतली. आईला कवेत घेऊन ती बाजूला कोसळली, तोच गाडी धाडकन भिंतीवर आदळली.

इंजिन बंद पडलं. बाबा स्टिअरिंग धरून समोरच बघत होते.

"तुझी आई..." एवढंच ते बोलले.

आईनं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"आहे, बाबा. माझ्याजवळ आहे. धडधाकट आहे. वळून बघा."

वळून बघायचा बाबांना धीर होईना.