रविवारचे चार प्रश्न

बेटाला लाँच दिवसातून दोनदाच लागते. थोरली सकाळच्या लाँचने उतरली ती परतीचं तिकीट पर्समध्ये घालूनच. दोन दिवस, वर एक तास नाही, असं तिने धक्क्यावर पाय ठेवायच्या आधीच स्वतःला बजावलं होतं. पाच वर्षांनी बापाला भेटायला येणारी लेक अशी मोजूनमापून येते तेव्हा तिच्या पोटात काहीतरी साठलेलं असतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

धक्क्यावर तिकिटं तपासायला धाकटी बहीणच उभी होती. तिने ताईचं तिकीट उलटंपालटं करून पाहिलं.

"परतीचंही काढलंस होय? शहाणीच आहेस. हो पुढे, मी लाँच सोडून येते. बाबा ओट्यावर असतील."

आता साठलं होतं काय, ते आधी सांगायला हवं. थोरली शहरात लोकांचे कान तपासते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक आवाज सोडायचा आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं, हे तिचं काम. त्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. आणि दर रविवारी दुपारी एक वाजता ती बाबांना फोन करते. प्रश्न चार, तेही ठरलेले.

"जेवलात का?"

"जेवलो."

"पाऊस आहे का तिकडे?"

"येऊन-जाऊन आहे."

"गोळ्या घेता ना?"

"वेळेवर."

"ठेवू का मग?"

"ठेव, ठेव. सुखात राहा."

दीड मिनिटात मुलीचं कर्तव्य पार. पहिली दोन वर्षं कामाच्या नावाखाली तिचं बेटावर येणं राहिलं, पण फोन चुकला नाही.

मग तीन वर्षांपूर्वी तिचा संसार मोडला. त्या रविवारी तिने सवयीने तीन प्रश्न विचारले आणि चौथ्याच्या जागी तिचा बांध फुटला. "बाबा, आमचं फाटलं हो. मी घर सोडलंय. तुमच्याकडे राहायला येऊ का?"

पलीकडून बाबा म्हणाले, "ठेव, ठेव. सुखात राहा."

थोरलीने फोन ठेवला आणि कानाला खडा लावला. पुन्हा या माणसापुढे पदर पसरायचा नाही. रविवारचा फोन तेवढा चालू ठेवला. तोही खरं तर त्यांना टोचावा म्हणून, कोरडा ठणठणीत.

आताही धाकटीने "एकदा येऊन बघून जा" एवढंच चार वेळा कळवलं, म्हणून ती आली होती.

बाबा ओट्यावर पाठमोरे बसले होते. पुढ्यात कोणाचा तरी टेबलफॅन उघडून ठेवलेला. तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळलेला माणूस, रिकामा बसेल कसा? एक तळवा चालत्या मोटरवर सपाट ठेवून ते पंख्याकडे एकटक बघत होते.

"बाबा, मी आले."

बाबा हलले नाहीत.

"आले म्हटलं!"

पाठ तशीच. अजूनही पाठच दाखवतात, थोरलीच्या मनात आलं. तेवढ्यात तिची सावली पंख्यावर पडली. बाबा वळले आणि तो सुरकुतलेला चेहरा असा काही फुलला की तिला रागाचं टोकच सापडेना. "आलीस!" म्हणाले, ग्रीसचे हात पुढे केले, मागे घेतले, लाजले, आणि डोळे दिसू नयेत म्हणून पुन्हा पंख्यात डोकं घालून बसले.

आता बोलायचं काय? पाच वर्षांनंतर सुचलं तेही ठरलेलंच, फक्त गडबडीत उलट्या टोकाने सुचलं.

"गोळ्या घेता ना?"

"जेवलो," बाबा खाली मान घालून म्हणाले.

सकाळचे साडेनऊ वाजले होते.

"अहो, गोळ्यांचं विचारतेय मी."

"येऊन-जाऊन आहे."

बाहेर माडांवर लख्ख ऊन होतं. ती हळूच त्यांच्या मागे गेली आणि डाव्या कानाशी बारीक चुटकी वाजवली. मग उजव्या. बाबा आपले शांतपणे स्क्रू पिळत होते.

धाकटी आली तेव्हा ताई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती.

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली असतील. आवाज येतो, शब्द कळत नाहीत."

हे वाक्य थोरलीकडे रोज निदान दहा जण म्हणत.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"शपथ घातली होती त्यांनी. म्हणाले, कान हा तिचा धंदा, तिच्याच बापाचे कान गेले तर लोक हसतील तिला. दिव्याखाली अंधार म्हणतील." धाकटीने गॅस बारीक केला. "आणि मला वाटलं, ताईच्या लक्षात येईल. आज येईल, उद्या येईल. तुझे चार प्रश्न पाठ आहेत गं त्यांना. फोनमधली गुणगुण थांबली की पुढचं उत्तर द्यायचं, बस. कधी एक प्रश्न इकडचा तिकडे केला असतास तर त्याच दिवशी सापडले असते."

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. इथे सोनाराचेच टोचले गेले.

"केला होता," थोरली म्हणाली, आणि त्या रविवारचं सगळं सांगून मोकळी झाली.

धाकटीने गॅसच बंद केला. मग म्हणाली, "तुमचं मोडल्याचं तू मला वर्षाने कळवलंस ना, ते मी त्यांना पाटीवर लिहून दाखवलं. दिवसभर जेवले नाहीत. म्हणाले, मला एका शब्दाने बोलली नाही ती."

थोरलीने तोंडावर पाणी मारलं. लाज वाटली तिला, शुद्ध लाज. परक्या म्हाताऱ्यांनी बटण दाबायला अर्धा सेकंद उशीर केला तरी तिच्या ध्यानात येतं. आणि बापाला तिने ऐकू येत नाही असं न म्हणता मन नाही असं ठरवून टाकलं होतं. तीन वर्षं!

तिच्या बॅगेत नमुन्याचं कानाचं मशीन कायम असे. ती ओट्यावर बाबांच्या समोर बसली, ते त्यांच्या कानात नीट बसवलं, आवाज हळूहळू चढवला. बाबांनी आधी डोळे बारीक केले. मग समुद्राकडे पाहिलं, मग पंख्याकडे.

"बेअरिंग वाजतंय याचं," ते म्हणाले. "मला हाताला लागलंच होतं."

थोरली हसली आणि तोंडातून निघून गेलं, "जेवलात का?"

"हे मला न ऐकताही कळतं," बाबा म्हणाले. "दुसरं काही विचार."

दुसरं एकच होतं. तीन वर्षं घशात अडकलेलं.

"बाबा, मी इथे राहायला येऊ का?"

बाबांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "हे तेव्हाच विचारायचं होतंस. तुझं मोडलं तेव्हा."

"विचारलं होतं," ती बोलून गेली, आणि लगेच जीभ चावली.

"कधी?"

"फोनवर."

बाबांचा हात कानाकडे गेला. चेहरा एकदम उतरला. "मग... मी काय म्हणालो?"

दारात धाकटी येऊन उभी राहिली होती. थोरलीने तिच्याकडे पाहिलं नाही.

"ये म्हणालात."

बाबांनी मोठा श्वास सोडला. मग त्यांना काहीतरी उमगेना. ते लेकीकडे रोखून बघू लागले.

"मी ये म्हणालो," ते म्हणाले, "मग तू आली का नाहीस?"