भागुबाईचा खळगा

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. बाभळीचे चार पाय, बाभळीचेच चार दांडे आणि मधे घायपाताच्या दोरीची वीण. वडगाव रासाईला, भीमेच्या काठी, गेणबाच्या अंगणातल्या लिंबाखाली मी उभी असते. मी माझी गोष्ट सांगणार आहे ती त्या दिवसांची, जेव्हा माझ्यावर बसायला आलेल्या पाहुण्याला घरची गिताबाई म्हणायची, "कडंला बसा, मधी नको." का, ते ती सांगत नसे. मधे बहुधा कुणीतरी बसलेलं असायचं.

घाबरलात? घाबरू नका. आधी ऐका तर.

गेणबाच्या वडिलांनी मला करवून घेतलं तेव्हा या लोकांना कायमचं घर नव्हतं. मेंढरं होती, आणि मेंढरांमागे आठ महिने फिरणारी माणसं होती. पावसाळ्यात ती खोपटात परतायची, तेवढ्यापुरतं सुताराने मला तासून उभं केलं. बाकीचे महिने मी एकटी असायची. रिकाम्या बाजेला फार ऐकू येतं. पुढे नदीचं पाणी मोटारीनं वर चढलं, माळावर ऊस आला, मेंढरं विकली गेली आणि माणसं बारमाही माझ्याजवळ राहिली. मला केवढा आनंद झाला होता!

माणूस बसलं की त्याचं वजन कळतं, हे कुठलीही बाज सांगेल. मला आणखी एक वजन कळतं. दिवसभराचा ताप, कुणाचं लागलेलं बोलणं, ओठांवर येऊन गिळलेलं उत्तर, या सगळ्याला वजन असतं. माणूस हलकं होऊन उठतं आणि ते वजन माझ्या पिळात राहतं.

गेणबाचं डोकं तापलं की तो माझ्या पायथ्याशी बसतो आणि रिकाम्या माळाकडे तोंड करून मेंढरांना हाका घालतो. बारा वर्षं झाली, मेंढरू एक नाही. तरी तो हाका घालतो, थोड्या वेळाने बोटं मोजून थांबतो आणि निवांत तंबाखू मळतो. सगळी आली असावीत. खरं सांगते, त्या वेळी माझ्या पायांशी धूळ हलते.

त्याची बायको गिताबाई. तिला राग आला की ती घासलेली भांडी पुन्हा घासायला काढते. पातेल्याशी भांडते, कोंबड्यांना "तुमची तंगडी मोडली मुडद्यांनो" म्हणते आणि शेवटचा तांब्या पालथा घालून हसत चहा टाकते. त्यांचा मुलगा माऊली पाटसला साखर कारखान्यात जातो. हंगामात पाळी संपवून आला की त्याला माणसं लागतात. पाच-सहा पोरं माझ्यावर दाटीनं बसून एकमेकांची टिंगल करतात, तेव्हा कुठे त्याच्या घशाखाली घास उतरतो. आणि हर्षदा, माऊलीची धाकटी बहीण, शिरूरच्या कॉलेजातून एसटीत उभ्यानं येते, कानात गाणी घालते आणि गच्चीवर एकटीच नाचते. खाली गाणं ऐकू येत नाही. नुसती पावलं येतात.

ज्याची त्याची वाट असते. भागुबाईला मात्र ती ठेवली नाही.

भागुबाई गेणबाची आई. मेंढरं विकली त्या दिवशी सगळे तिला म्हणाले, "लई राबलीस म्हातारे, आता आराम कर." मायेनंच म्हणाले. ती माझ्यावर आडवी झाली ती तीन वर्षं. बोलणं हळूहळू बंद झालं. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं तेवढी हवेत एकमेकांवर घासत राहायची. म्हातारपण, असं घरचे म्हणत. माझ्या मधोमध तिच्या अंगाचा खळगा पडला.

ती गेली, पण खळगा गेला नाही. माऊलीनं दोरी आवळली की दुसऱ्या दिवशी तो तिथेच. भर बाराला, झाडाची सावली गोळा होऊन माझ्या पोटाखाली यायची तेव्हा दोरी कुणी न बसता खाली जायची आणि करकरायची. मांजर माझ्यावर चढायचं बंद झालं. आणि मला, मित्रांनो, ते आवडायचं. मी पुन्हा एकटी नव्हते. मी तिला धरून ठेवलं. ही माझी चूक होती, आणि ती चूक मी एकदा नाही, दोनदा केली.

माऊलीची बायको स्वप्नाली पाबळची. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. स्वराज जन्मला, बाळंतिणीला खालून शेक द्यायला घरात दुसरी बाज नव्हती, म्हणून मला अंगणातून आतल्या खोलीत नेलं. खाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची धुरी, उशाशी विळा. सव्वा महिना गार पाण्यात हात घालायचा नाही, कशाला शिवायचं नाही.

"आता आराम कर," गिताबाई सुनेच्या कानाला रुमाल बांधत म्हणाली.

ते शब्द ऐकून माझी दोरी करकरली.

पहिले आठ दिवस स्वप्नाली बाळाला घेऊन कडेला झोपली. नवव्या दिवशी ती मधे सरकली. खळगा तिच्या मापाचा निघाला.

त्यानंतर ती जड होत गेली. डिंकाचा लाडू ताटात तसाच राहायचा, अंगावरचं मांस उतरत होतं, तरी माझे दांडे रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त वाकत होते. बाळ रडायचं आणि ती आढ्याकडे बघत राहायची. तिला ऐकू येत नव्हतं असं नाही. ते रडणं तिला नदीपलीकडून आल्यासारखं यायचं. मला माहीत आहे, कारण तिच्या खाली असताना मलाही ते तसंच यायचं. कुणीतरी बाळ उचलून तिच्या कुशीत ठेवी तेव्हा ती पाजायची. पण हात त्याच्याभोवती येत नसत. दिवसागणिक ती आणखी खोल जात होती, आणि तिथून भागुबाई काही उठली नव्हती.

एका दुपारी त्या खोलीवरचा पत्रा उन्हानं तडतडत असताना तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं हलू लागली.

गेणबा दाराशी दुधाचा तांब्या घेऊन उभा होता. "आई…" तो म्हणाला, आणि त्यानं जीभ चावली.

मग घरानं उपाय सुरू केले. प्रत्येकानं स्वतःचं औषध आणलं. माऊलीनं दोस्तांना दारात बसवून विनोद करवले. हर्षदानं तिच्या कानात गाणी घातली. गिताबाईनं तिच्या हातात पातेलंच दिलं, "घे, आपट हे जमिनीवर. लई बरं वाटतंय, माझं ऐक." गेणबा दारातून म्हणाला, "पोरी, माळाकडं बघत बसावं जरा." स्वप्नाली सगळ्यांचं मन राखण्यापुरती हसली. त्या प्रत्येक हसण्याचं वजन माझ्यावर पडलं.

पंचविसाव्या दिवशी गिताबाईनं सुनेच्या कपाळाला भंडारा लावला. "म्हातारीनं धरलंय हिला. माऊली, ट्रॅक्टर काढ. ही बाज डोहात सोडून ये."

स्वप्नालीला पटकुरावर बसवलं, मला उचलून अंगणात आणलं. तेवढ्यात बाळाचं वजन करायला सविता आली. ती गावची आशाताई. अंगानं किरकोळ, आवाज खणखणीत.

"काय ओ गिताकाकू, बाज कुठं निघाली? वरातीला?"

"तू हसू नको सविता. म्हातारी बसलीया हिच्यात."

"बसू द्या की. म्हातारीला काय घाई हाय? पोरीचं बघा." सविता आत गेली, बाळाला घेऊन आणि स्वप्नालीला हाताला धरून उन्हात आली आणि तिच्याशेजारी भुईवर बसली. ती हलणारी बोटं तिनं आपल्या मुठीत घेतली. "उद्या तुला शिरूरला डॉक्टरीणबाईंकडं नेते. बाळंतपणानंतर असं हुतं, कितीजणींना हुतं, लाजायचं न्हाई. पण मला एक सांग. लग्नाआधी डोकं तापलं की तू काय करायचीस?"

हे तिला या घरात कुणी विचारलं नव्हतं.

स्वप्नालीचे ओठ हलले. "मोडलेलं काहीतरी उघडायचे."

"म्हंजी?"

"पाबळच्या शाळेत… तांत्रिक शाळा ना ती. बंद पडलेला पंप, पंखा, काहीपण. सगळं सोडवायचं, कापडावर मांडायचं, परत जोडायचं. जोडून झालं की झोप लागायची."

"मला कवा सांगितलं न्हाईस," माऊली म्हणाला.

"तुम्ही कवा विचारलंत?"

माऊलीनं मान खाली घातली. गिताबाईनं पदर खोचला. "ओली बाळंतीण पाना-पकड धरनार? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

"गिते, गप." गेणबा पुढे आला. तो सुनेच्या बोटांकडे बघत होता. "अगं, आई असंच करायची. आपन म्हनलं, म्हातारपन. ती कातत हुती गं! जल्मभर मेंढरामागं चालता चालता लोकर कातली तिनं. हातात चाती न्हवती तरी तीन वर्सं कातत हुती. चाती मीच चुलीत घातली. म्हनलं, आता कशाला लागती हिला."

उन्हात उभी असूनही मी गार पडले होते.

स्वप्नालीनं माझ्याकडे पाहिलं. "बाज टाकू नका. मी सोडवते ही, आणि परत विणते. बसूनच करायचं काम आहे, आत्या."

गिताबाई आत जाऊन घोंगडी घेऊन आली आणि सुनेच्या बुडाखाली घातली. "गार भुईवर नको. आन् कानाचं सोडू नको."

दुपारचे बारा झाले होते.

मित्रांनो, वीण सोडवणं म्हणजे माझ्यासाठी मरणच होतं. मी ऐकलेलं सगळं त्या पिळात होतं. तिनं पायथ्यापासून सुरुवात केली. पहिले पदर सुटले तेव्हा माळावरून मेंढरांच्या घंटांचा आवाज आला. पुढचे सुटले आणि अंगणात पातेलं वाजलं. गिताबाईचे दोन्ही हात तर मांडीवर होते. मग गच्चीवर पावलं धावली, हर्षदा खाली असताना. मग सहा जणांचं हसू, आणि कुणाचंही तोंड उघडं नाही. एकमेकांकडे कुणी पाहिलं नाही. स्वप्नाली खिळ्याच्या टोकानं गाठीमागून गाठ उकलत होती, दोरी ओळीनं घोंगडीवर मांडत होती, आणि तिच्या कपाळावर पंचवीस दिवसांत पहिल्यांदा घाम आला होता.

मग खळगा आला.

तिथली गाठ दगडासारखी होती आणि भर उन्हात थंडगार. स्वप्नालीनं ओढली. दोरी उलटी ओढली गेली. तिचा हात मनगटापर्यंत विणीत गेला. मी ओढत नव्हते, मित्रांनो. की ओढत होते? आजही मला नक्की सांगता येत नाही. तिचे डोळे पुन्हा आढ्याकडे बघत असल्यासारखे वर लागले, कुठेच न बघणारे, आणि बोटं थांबली.

गेणबा समोर गुडघ्यावर बसला, दोरीचं दुसरं टोक त्यानं धरलं. "सोड आई," तो हळूच म्हणाला. "माझं चुकलं. पोरीला सोड."

तेवढ्यात सविताच्या मांडीवर स्वराज रडला.

स्वप्नालीची मान वळली. ते रडणं या वेळी नदीपलीकडून आलं नव्हतं. हातभर अंतरावरून आलं होतं. तिच्या चोळीवर दुधाची ओल उमटली.

"आले रे माझ्या राजा," ती म्हणाली. "एवढी एक गाठ. आले हं."

हात गाठीवर आणि तोंड बाळाकडे. तेव्हा मी सोडलं. आणि माझ्यातून कुणीतरी उठलं. इतकं हलकं उठलं की लिंबाचं एक पानही हललं नाही.

सगळं काही त्या एका दुपारी बरं झालं, असं मी म्हणणार नाही. सविता तिला शिरूरला घेऊन गेली, गोळ्या चालू झाल्या, अजूनही एखाद्या दिवशी ती गप्प होते. जुनी दोरी कुजली होती म्हणून माऊलीनं दौंडच्या बाजारातून निळी नायलॉनची आणली आणि ती तिनं रोज थोडी थोडी विणली. आता वस्तीवरचे लोक बिघडलेले मिक्सर आणि मोटारीचे स्टार्टर माझ्यावर आणून ठेवतात. "घे तुझा पाना," गिताबाई करवादते, "आन् त्यो बाळ्या दे हिकडं, निस्तं ग्रीस खायाला लागलाय." भर बाराला मी रिकामी असते. कधी कधी मला म्हातारीची आठवण येते, पण मी तिला बोलवत नाही.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमच्याही घरात कुणी थकून गप्प पडून असेल. त्याच्यासाठी तुमचं औषध नेण्याआधी त्याच्याजवळ भुईवर बसा आणि त्याला कशानं बरं वाटतं ते विचारा. उत्तर वेडगळ वाटलं तर वाटू द्या. आणि आजच विचारा, आई जागी असताना, आजी बोलत असताना. नाहीतर ते उत्तर आमच्यासारख्या लाकूड-दोरीपाशी राहतं, आणि आम्ही ते केव्हा, कुणाला आणि कसं सांगू, याचा काही भरवसा नसतो.