डोक्यामागची भिंत

निजामपुऱ्यातल्या एका खासगी इस्पितळात आयसीयूबाहेर पंधराएक माणसं हात जोडून उभी होती. समोर देव नव्हता, मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये श्वासबापू होते. "जय हो! आवी गयो श्वास!" म्हणत बापूंनी फुंकर मारली आणि आत गोविंदभाई नावाच्या रुग्णाची व्हेंटिलेटरची नळी खरोखरच निघाली. बापूंनी आदल्या दिवशीच तसं सांगितलं होतं. महिन्यातला हा तिसरा चमत्कार, म्हणून पेढे वाटले गेले.

यशश्रीनेही पेढा खाल्ला. ती समा भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची, पण पेढ्याशी तिचं काही वैर नव्हतं.

तिचे वडील दत्तात्रेय न्यूमोनियामुळे अकरा दिवस नळीवर होते. आई, मंदाकिनी, हवालदिल झाली होती आणि त्याच अवस्थेत तिने बापूंना गाठलं होतं. बापूंची अट एकच, रोज सकाळी भेटीच्या वेळी रुग्णाचा फोटो पाठवायचा. त्यावरून ते प्राण जोखत. एकदा सलाइनचा स्टँड मध्ये आला, तेव्हा बापू रागावले. मराठी भक्तांशी ते गुजरातीची फोडणी दिलेलं मराठी बोलत.

"बेन, डोक्यामागची भिंत आखी दिसली पाहिजे. प्राण तिथूनच शिरतो. फरी मोकलो, पुन्हा पाठवा!"

त्या भिंतीवर एक पांढरा बोर्ड होता. डॉक्टर आकांक्षा रोज सकाळी मशीनचा जोर कमी करून दत्तात्रेयांच्या उजव्या बरगड्यांखाली सोनोग्राफी करत. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा स्वतःच्या बळावर किती हलतो ते मोजत आणि आकडा बोर्डावर लिहीत. दहा मिलिमीटरच्या पुढे गेला आणि बाकी सगळं ठीक असलं, तर नळी काढता येते, असं त्यांनी यशश्रीला सांगितलं होतं. काल आकडा होता आठ. आज तेरा.

"बाकीही सगळं ठीक आहे. आजच काढू," डॉक्टर म्हणाल्या. "नळी जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका."

"बापूंनी अजून हो म्हटलं नाही," आई म्हणाली. "मी सही करणार नाही. यांना काही झालं तर?" यशश्रीला तिचा राग आला आणि दयाही आली. ती डोक्यामागच्या भिंतीकडे बघत राहिली.

"बरं, आत्ताच विचारू," ती म्हणाली आणि तिने आईच्या फोनवरून कालचा फोटो पुन्हा पाठवला.

लगेच उत्तर आलं. "प्राण बेंबीत अडकलाय. नऊ दिवस नळीला हात लावायचा नहीं. काढली तो जीव जशे!"

आईने पदर डोळ्यांना लावला. यशश्रीने आता आजचा फोटो काढून पाठवला.

"जय हो! प्राण छातीत आला! आजच नळी काढा, मी फुंकर मारतो!"

नऊ दिवस चार मिनिटांत संपले होते.

"आई, पहिला फोटो कालचा होता. दोन्हीत बाबा तसेच झोपलेत. मग बदललं काय?"

मंदाकिनीने चष्मा लावला आणि दोन्ही फोटो आळीपाळीने पाहिले. "आठ," ती म्हणाली. मग, "तेरा." तिने चष्मा काढला. "मेला, डॉक्टरीणबाईंचा आकडा वाचतो होय!" तिने पेन मागितलं आणि सही केली.

दुपारी नळी निघाली. दत्तात्रेय खोकले आणि स्वतःचा श्वास स्वतः घेऊ लागले. तेवढ्यात फोनवर बापू झळकले.

"हा कोण?" दत्तात्रेयांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"कोणी नाही," म्हणत मंदाकिनीने फोन बंद केला.

बाहेर बाकड्यावर एक नवं कुटुंब बसलं होतं. "मासी, बापूंचा नंबर आपशो?" त्यातल्या सुनेने विचारलं.

"त्यांना फक्त भिंत वाचता येते," मंदाकिनी म्हणाली. "ती तुलाही येईल. नाही समजली तर आत डॉक्टर आहेत, त्यांना विचार. मी अकरा दिवस विचारलं नाही."