मंजुषा मॅडमचा स्ट्रीट आर्ट शो

बालाघाटला आमच्या फॅशन डिझाइनच्या वर्गाला मंजुषा मॅडम शिकवायच्या. त्या इंदूरला दोन वर्षं राहून आल्या होत्या आणि त्या दोन वर्षांवर जन्म काढणार होत्या. वार्षिक शोसाठी त्यांनी विषय दिला: शहरातली स्ट्रीट आर्ट. म्हणजे काय, तर मोबाइलवर परदेशातल्या भिंती शोधायच्या आणि कापडावर छापून आणायच्या. बाकी सगळ्यांनी तेच केलं. आपल्या गावालाही भिंती आहेत, हे कोणाला सुचलं नाही.

मी रोज किरनापूरहून बसनं यायचे. स्टेशनजवळच्या भिंतीवर हिरालालकाका जाहिराती रंगवायचे. बियाणं, कोचिंग, सिमेंट, सगळं एकावर एक. जुनी अक्षरं नव्यातून डोकावायची. महिनाभर मी त्यांच्याकडे ब्रश धरायला शिकले आणि जाड सुती जॅकेटवर तीच भिंत रंगवली. पाठीवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं, 'यहाँ पेशाब करना मना है'.

मॅडमनी ते दोन बोटांनी उचललं. "संघमित्रा, हे घालून कोण फिरेल? देहातीपणा नको करू."

शोला नागपूरहून परीक्षक आले. माझ्या जॅकेटवरून त्यांची नजर घसरली ती आमच्या वर्गातल्या मोहितच्या कुर्त्यावर थांबली. त्यावर जर्मन अक्षरं होती. "काय विद्रोह आहे या अक्षरांत," ते म्हणाले. मॅडमचे डोळे भरून आले. मोहितला पहिला नंबर मिळाला.

मंचामागे मी त्याच्या पाठीवरच्या अक्षरांवर मोबाइलचा कॅमेरा धरला. भाषांतर आलं: कुत्र्यांना इथे मुतवू नये.

मोहितनं वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मॅडमले नको सांगू."

"काहून? विद्रोह हाय ना."

मी मॅडमना नाही, थेट परीक्षकांनाच दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "कलेत शब्दार्थ बघायचा नसतो," असं म्हणून ते मोहितबरोबर फोटो काढायला उभे राहिले.

"तुले जळन होऊन राह्यली," मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या.

"हौ," मी म्हटलं. वाद घालण्याइतकीही त्यांची किंमत माझ्या लेखी उरली नव्हती.

जॅकेट घालूनच मी बसमध्ये चढले. कंडक्टरनं पाठ मोठ्यांदा वाचली, अख्खी बस हसली, मीही हसले. शेजारची बाई कापड चाचपत म्हणाली, "माह्या थैलीवर असं लिहून देशील का, पोरी? पण मजकूर जरा बरा घाल."