राखेच्या पटांगणावर हळद

पटांगणावर जागोजाग लाल डाग होते. निवेदितानं खाली वाकून एक डाग बोटानं घासला आणि ती बोटाकडे बघत राहिली.

"कुंकू सांडल्यावानी दिसायलंय की न्हाई, मॅडम?" सगुणाबाई मागून म्हणाली. "हळदीचा पहिला घाणा पसरला अन् सकाळी उठून बघते तं हे असं. मी म्हणलं, लक्ष्मीच येऊन गेली. लगेच नारळ फोडला."

निवेदिता गंगाखेडच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. सगुणाबाईची सून प्रियांका तिची जुनी विद्यार्थिनी. प्रियांकानं फोन केला म्हणून निवेदिता आज या गावात आली होती. सगुणाबाईनं उभ्या केलेल्या, गावातल्या बायकांच्या गटाची हळद पुण्याची एक मसाला कंपनी घेणार होती, पण तपासून. पहिला नमुना नापास झाला होता. आम्लात न विरघळणारी राख जास्त, एवढंच कंपनीनं कळवलं होतं. प्रियांकाला हे शब्द बारावीपासून ओळखीचे होते. पण हळदीत राख कुठून आली, ते तिला कळत नव्हतं.

शेजारच्या जिल्ह्यात औष्णिक वीज केंद्र होतं आणि हे गाव त्याच्या राखेवर उभं राहिलं होतं. राखेचे हायवा ट्रक यायचे, राखेच्या विटा जायच्या. घरं त्याच विटांची, रस्त्यात भर त्याच राखेची. चहाची हॉटेलं, पंक्चरची दुकानं, गॅरेज, सगळं त्या गाड्यांवर. मग केंद्रातले जुने संच बंद झाले आणि उरलेल्यांची राख सिमेंटवाले परस्पर उचलू लागले. गावात एक साहेब येऊन सांगून गेले की एकाच धंद्यावर विसंबू नका, चार वाटा शोधा. गावानं शोधल्या. गॅरेजवाल्या किशनरावांनी दूध संकलन सुरू केलं, ते उन्हाळ्यात बंद पडलं. पोरांनी सौर पॅनल बसवायचं शिकून घेतलं. जवळचं एक काम झालं आणि पुढचं काम राजस्थानात निघालं.

हळद मात्र टिकेल असं वाटत होतं. पूर्णेकडून ओली हळद यायची, ती इथे शिजायची आणि वाळायची. दुसऱ्या कुणाकडे नव्हतं ते यांच्याकडे होतं, विटांसाठी केलेली मोठी, सपाट, दगडासारखी टणक पटांगणं.

"हे सारवता कशानं?" निवेदितानं विचारलं.

"राख अन् चुना. विटाचं पटांगण तसंच करतेत. आधी राख कालवायची, मग वरून चुन्याचं पाणी." सगुणाबाईच्या आवाजात अभिमान होता. "शेणानं न्हाई सारवलं, बरं का. कंपनीचा माल हाय. दर घाण्याला नवीन हात मारतोत."

"दर घाण्याला?"

"जुन्यावर लाल येत न्हाई ना. नव्यावर येतंय. बाया म्हणल्या, लाल आलं की माल चांगला."

प्रियांकानं मान खाली घातली. तिला आता कळलं होतं. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं, हे निवेदितानंच वर्गात परीक्षानळीत करून दाखवलं होतं.

"मॅडम, म्हणजे ओल्या कांड्या..."

"हो. ओल्या कांड्यांच्या सुरकुत्यांत सारवण बसतं. वाळलं की तिथंच घट्ट होतं."

"तं कांड्या घासायच्या पॉलिशच्या ड्रममधून दोनदा काढू की," सगुणाबाई म्हणाली. "तीनदा काढू."

निवेदितानं नमुने घेतले, पॉलिश केलेले आणि न केलेले. एक घाणा ताडपत्रीवर वाळवायला सांगितला. पुढच्या आठवड्यात त्याचाही नमुना प्रियांका बसनं घेऊन आली. दोघी प्रयोगशाळेत उभ्या राहिल्या. मुशीतली हळदपूड भट्टीत जळून राख झाली. ती आम्लात उकळली, गाळली, पुन्हा जाळली. चांगल्या हळदीत या टप्प्यावर मुशीच्या तळाशी जेमतेम काही उरतं. प्रत्येक मुशीत करडी पूड होती. पॉलिशनं थोडी कमी झाली होती. ताडपत्रीवरच्या हळदीतही होती, ठरलेल्या मर्यादेपेक्षा बरीच जास्त.

"ताडपत्री तर नवी होती," प्रियांका म्हणाली.

"वारा कुठून येतो तिकडं?"

वारा पश्चिमेचा होता. गावाच्या पश्चिमेला राखेचे जुने ढीग होते.

"आमच्या गच्चीवर वाळवली तर?"

"गच्ची कशाची आहे?"

"राहू द्या," प्रियांका म्हणाली.

सोमवारी निवेदिता स्वतः गावात गेली. त्याच दिवशी सगुणाबाईच्या मुलाला, प्रियांकाच्या नवऱ्याला, योगीराजला, चाकणच्या कारखान्याला नोकरीचं हो किंवा नाही कळवायचं होतं. हळदीचा सौदा झाला तर तो थांबून दळणाची गिरणी टाकणार होता. आईनंच त्याला थांबवून धरलं होतं. तो दारात मोबाईल हातात घेऊन बसला होता.

निवेदितानं जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं, की या गावात कुठंही वाळवली तरी हळदीत राख येणारच. सगुणाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"भंडाऱ्याला चालंल का? देवावर उधळायला?"

"लोक भंडारा जिभेवरही ठेवतात, सगुणाबाई."

"धुऊन?"

"वाळलेली हळद धुतली तर बुरशी धरते."

"मग आमी वाळवावं कुठं, ते तरी सांगा. तुमी शिकलेल्या हाव."

निवेदिताला सुचलं ते तिनं सांगितलं. दुसऱ्या गावात जागा घ्यावी, काँक्रीटचा ओटा करावा, वर छप्पर. बोलता बोलताच तिला कळत होतं की यातलं एकही या हंगामात होणारं नाही. हंगामाचे शेवटचे घाणे चालू होते.

तेवढ्यात कंपनीच्या सारंगसाहेबांचा फोन आला. सगुणाबाईनं तो निवेदिताच्या हातात दिला. "तुमीच बोला. तुमचं ऐकतील."

सारंगसाहेब सभ्य माणूस होता. त्यानं आकडा विचारला आणि तिनं खरा सांगितला. यंदाचा माल घेता येणार नाही, पुढच्या वर्षी जागा बदलली तर पुन्हा नमुना पाठवा, असं तो म्हणाला. बायकांनी मेहनत चांगली घेतली, असंही म्हणाला. निवेदितानं आभार मानून फोन परत दिला.

"काय म्हणले?"

"मेहनत चांगली घेतली म्हणाले."

सगुणाबाई वाट बघत राहिली. मग तिनं दाराकडे पाहिलं. योगीराज उठून अंगणाच्या टोकाला गेला होता आणि घराकडे पाठ करून फोनवर बोलत होता. "हो सर. येतो. बायकोला अन् लेकराला नंतर आणतो."

प्रियांका चुलीपाशी चहा ओतत होती. तिनं हात थांबवला नाही.

पटांगणावर बायका ओळीनं बसून हळद खालीवर करत होत्या. मॅडम आल्यात हे त्यांनी पाहिलं होतं, आणि त्यातली एक हसून ओरडली, "झालं का पास, ओ सगुणाआक्का?"

सगुणाबाईनं तिकडे नुसता हात हलवला. पास झालं असाच त्याचा अर्थ त्यांनी लावला आणि त्या पुन्हा कामाला लागल्या.